बेदाणा-हळदीच्या पेढीचे पोर्टल : माणसे किती, कोणती आणि कधी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत आपल्या घराण्याची बेदाणा आणि हळदीची पेढी आहे. सौद्यात, म्हणजे बाजारातल्या लिलावात, माल घ्यायचा, कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचा आणि दिल्ली, राजस्थान, गुजरातकडच्या सुमारे दीडशे व्यापाऱ्यांना दलालांमार्फत विकायचा, असा व्यवहार आहे. या खरेदीदारांना शिल्लक माल, भाव, आपल्या ऑर्डरची स्थिती, बिल आणि खातेउतारा एकाच ठिकाणी दिसेल असे पोर्टल आपल्याला उभारायचे आहे. पुण्याच्या एका कंपनीने सहा माणसे आणि तीन महिने सांगितले आहेत, तर सांगलीतल्या एका छोट्या कार्यालयाने तीन माणसे आणि आठ महिने. यांपैकी कोणाचे खरे मानावे, स्वतःचे प्रोग्रामर नेमावेत का, आणि येत्या दिवाळी पाडव्याला पोर्टल सुरू करता येईल का, असे आपण विचारले आहे.

दोन्ही अंदाजांचा गुणाकार केला तर एकीकडे १८ आणि दुसरीकडे २४ मनुष्य-महिने येतात, म्हणजे फरक दिसतो तेवढा मोठा नाही. माझी काळजी वेगळी आहे. दोघांनीही फक्त स्वतःची माणसे मोजली आहेत. आपल्या पेढीतले कोण, दिवसाचे किती तास या कामाला देणार, याचा उल्लेख दोन्ही कागदांत नाही, आणि आपल्या पत्रातही नाही. वीस वर्षांहून अधिक काळ अशी कामे केल्यानंतर माझे मत ठाम झाले आहे की व्यवसायाच्या पोर्टलवरचा पहिला माणूस पेढीतलाच असला पाहिजे, त्याला व्यवहाराची खडानखडा माहिती असली पाहिजे, आणि त्याच्या रोजच्या कामाचा निम्मा भार दुसऱ्याकडे दिल्याखेरीज प्रकल्प सुरूच करू नये. प्रोग्रामर किती, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे मत कशातून आले ते सांगतो. आपल्याच भागातील एका सुट्या भागांच्या कारखान्यासाठी आम्ही वितरकांचे पोर्टल बांधले होते. मालकांनी संगणक विभागातल्या एका होतकरू तरुणाला आमच्यासोबत दिले. त्याने मागितलेली प्रत्येक माहिती वेळेवर दिली, आणि पोर्टलही ठरल्या दिवशी सुरू झाले. पहिल्याच आठवड्यात एका वितरकाला पडद्यावर ४० नग शिल्लक दिसले, त्याने मागणी नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला फोन गेला की माल नाही. माल गोदामात होता, परंतु माल पाठवणाऱ्या विभागातील एका जुन्या कर्मचाऱ्याने तो दुसऱ्या नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी तोंडी राखून ठेवला होता. असे राखून ठेवणे त्या कारखान्यात तीस वर्षे चालत आले होते आणि ते कोणत्याही कागदावर नव्हते. त्या कर्मचाऱ्याला आम्ही एकदाही भेटलो नव्हतो. तीन-चार वेळा असे झाल्यावर वितरक पुन्हा फोनवर आले, आणि तीन महिन्यांत पोर्टलकडे कोणी फिरकेनासे झाले. संगणकाची आज्ञावली निर्दोष होती. चूक माझी होती, कारण सोबत कोण हवे हे मी मालकांना आग्रहाने सांगितले नव्हते.

आपल्या पेढीत हा माणूस कोण असेल? वडील सौद्याला जातात, त्यांना हंगामात दिवसाला दहा मिनिटेही मिळणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही करू नये. थोरले बंधू हिशोब पाहतात, म्हणजे त्यांना बिल आणि वसुली माहीत आहे, पण कोणता लॉट कोणासाठी बाजूला काढला आहे हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही. आपण स्वतः उत्साही आहात, तरी पत्रावरून वाटते की खरेदीदारांशी रोजचे बोलणे आपल्या दिवाणजींचे आहे. तसे असेल तर माझी निवड दिवाणजी आणि आपण अशा जोडीची राहील : माहिती त्यांची, निर्णय लिहून घेऊन तडीस नेण्याचे काम आपले. मात्र दिवाणजींचे भरणीवर (माल गाडीत भरण्यावर) लक्ष ठेवण्याचे आणि बिल्ट्या (वाहतुकीच्या पावत्या) पाठवण्याचे काम किमान सात महिने दुसऱ्या कोणाकडे सोपवा आणि त्यासाठी एक माणूस वाढवा. त्या माणसाचा पगार पोर्टलच्याच खर्चात धरा. ‘वेळ मिळेल तसे पाहतील’ असे म्हणून ज्या ज्या ठिकाणी काम सुरू झाले, तेथे वेळ कधीच मिळाला नाही, हा माझा अनुभव आहे.

या जोडीने पहिल्या सहा आठवड्यांत जे ठरवायचे आहे त्यावर पुढचे सगळे उभे राहणार आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत अवघड प्रश्न भावाचा आहे. आज आपण एकाच दिवशी, एकाच प्रतीच्या हिरव्या बेदाण्याला तीन गिऱ्हाइकांना तीन भाव सांगता, कारण एक रोखीने घेतो, दुसरा साठ दिवसांनी देतो, तिसरा वीस वर्षांचा संबंध असलेला असतो. ही व्यापाराची स्वाभाविक रीत आहे. पोर्टलवर एकच भाव लावला तर जुने गिऱ्हाईक दुखावते, प्रत्येकाला वेगळा लावला तर तो दररोज सकाळी कोणी भरायचा हा प्रश्न येतो. माझ्या मते पहिल्या टप्प्यात भाव दाखवूच नये. लॉट, प्रत, बॉक्सची संख्या आणि नमुन्याचे छायाचित्र दाखवावे, खरेदीदाराने आपली मागणी भावासह नोंदवावी, आणि होकार-नकार पेढीने द्यावा. ही पद्धत फोनवरच्या बोलण्याच्या सर्वांत जवळची आहे. आपले वडील वेगळे म्हणतील तर त्यांचे ऐका, परंतु ते आज म्हणू द्या, चार महिन्यांनी पडदा तयार झाल्यावर नको.

दुसरा प्रश्न दलालांचा. पोर्टलवरून थेट मागणी आली तर दलाली द्यायची की नाही? हा प्रश्न न सोडवता काम सुरू केले तर बातमी बाजारात पसरायला दोन दिवसही लागत नाहीत, आणि ज्या दलालांनी आपली गिऱ्हाइके जोडून दिली तेच पोर्टलविरुद्ध बोलू लागतात. मी आपल्याला कळकळीने सुचवतो की दलालांनाही पोर्टलवर स्वतंत्र प्रवेश द्यावा, आपापल्या गिऱ्हाइकांची मागणी त्यांनी नोंदवावी आणि दलालीचा हिशोब त्यांना तिथेच दिसावा. त्यामुळे कामाचा आवाका थोडा वाढेल, माझ्या अंदाजाने दोन-अडीच आठवडे, पण ते खर्ची घालण्याजोगे आहेत.

तिसरा उधारीचा. मर्यादा ओलांडलेल्या व्यापाऱ्याची मागणी आली तर आज वडील फोनवर क्षणभर विचार करून ‘भरा’ म्हणतात. पोर्टलमध्ये ‘भरा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला, ते गावाला गेले असतील तर कोणाला, आणि किती रकमेपर्यंत, हे नावानिशी लिहावे लागेल. चौथा वजनाचा. बेदाणा १५ किलोच्या बॉक्समध्ये असल्याने तो प्रश्न हळदीपेक्षा सोपा. हळकुंड, गड्डा आणि कणी यांच्या पोत्यांत मात्र साठवणुकीतली तूट येते, आणि मागणीच्या वेळचे वजन व भरणीच्या वेळचे वजन वेगळे निघते. यावरून एक नियम आपोआप ठरतो : पोर्टलने बिल मागणीच्या वेळी करू नये, भरणी होऊन काटा झाल्यावरच करावे. हे आत्ता किरकोळ वाटेल, पण जीएसटीचे ई-इन्व्हॉइस निघाल्यावर ते सरकारच्या ई-इन्व्हॉइस पोर्टलवर रद्द करण्याची मुभा केवळ २४ तासांची असते आणि त्यानंतर क्रेडिट नोट काढत बसावे लागते, हे बंधूंना ठाऊक असेलच.

या निर्णयांसाठी बैठकांवर बैठका घेण्याचा मी सल्ला देणार नाही. ज्या कंपनीला काम द्याल तिच्या प्रमुख माणसाने सलग पाच-सहा दिवस पेढीच्या गादीशेजारी बसावे, एक दिवस कोल्ड स्टोरेजमध्ये भरणी पाहावी, एक दिवस सौद्याला जावे. आणि त्याच काळात दिवाणजींनी दोन आठवडे एक वही ठेवावी : आलेला प्रत्येक फोन कोणाचा, कशासाठी, आणि उत्तर द्यायला कोणाला विचारावे लागले. मी ही वही जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ठेवायला लावतो. तिच्यातून नेहमी एकच आश्चर्य बाहेर येते, ते म्हणजे नव्या मागणीचे फोन थोडे आणि ‘गाडी निघाली का’, ‘बिल्टी पाठवा’, ‘खाते पाठवा’ हेच फोन फार. आपल्याकडेही तसेच निघाले तर पोर्टलचा पहिला भाग तोच असावा. खातेउतारा, बिल, बिल्टी आणि गाडीची स्थिती एवढेच आधी द्या, मागणी नोंदवणे नंतर. खरेदीदाराला पहिल्या दिवशी उपयोग जाणवला तर तो पुन्हा येतो. मागणी त्याला फोनवरही करता येते, त्यासाठी तो नवे काही शिकणार नाही.

आता बाहेरच्या माणसांचा हिशोब. एवढ्या आवाक्याच्या कामाला मी एक प्रमुख धरतो, जो तुमचे म्हणणे समजून ते लिहून काढतो आणि कामाची आखणी पाहतो. तो निम्मा वेळ दिला तरी चालेल, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच असावा. त्याच्यासोबत दोन अनुभवी प्रोग्रामर सुमारे १८ आठवडे, एक तपासनीस १४ आठवडे, पडद्यांची रचना करणारा एक जण पाच आठवडे, आणि सर्व्हरची मांडणी व सुरक्षितता पाहणारा तुकड्यातुकड्यांनी तीन आठवडे. प्रमुखाचे २६ आठवड्यांतले १३ धरले तर एकूण ७१ मनुष्य-आठवडे, म्हणजे सोळा-सतरा मनुष्य-महिने होतात. आपल्या बाजूने आपण आणि दिवाणजी मिळून रोजचा अर्धा दिवस, बंधूंचा आठवड्यातून एक दिवस, आणि वडिलांचे आठवड्यातून दोन तास, तेही ठरलेल्या वारी आणि ठरलेल्या वेळी.

पुण्याच्या कंपनीने सांगितलेल्या सहा माणसांनी हेच काम तीन महिन्यांत होईल का? माझ्या मते नाही. कारण साधे आहे. तीन माणसांत आपसात बोलण्याच्या जोड्या तीन होतात, सहा माणसांत १५. सुरुवातीचे सहा आठवडे तर निर्णयांचेच असतात, आणि तेव्हा बसलेल्या चार प्रोग्रामरना काम हवे म्हणून ते अंदाजाने पडदे बांधू लागतात, जे पुढे मोडावे लागतात. सांगलीच्या कार्यालयाचे आठ महिने मला अधिक प्रामाणिक वाटतात, पण त्यांच्या तीन माणसांत तपासनीस नाही, प्रोग्रामरच आपले काम तपासणार आहेत. स्वतःच लिहिलेला हिशोब स्वतःच तपासला तर चूक का सापडत नाही, हे पेढीवाल्यांना वेगळे समजावण्याची गरज नाही. त्यांना तपासनीस घ्यायला लावा, हवे तर तो खर्च आपण उचला. अंतर हाही एक मुद्दा आहे. पुण्याहून सांगली साडेचार-पाच तासांची असल्याने पहिल्या महिन्यानंतर तिकडची माणसे फक्त व्हिडिओ कॉलवर दिसतात, आणि दिवाणजींसारखा माणूस व्हिडिओ कॉलवर मोकळेपणाने बोलत नाही.

कालक्रमाकडे वळतो. नवा बेदाणा आणि नवी हळद यांची आवक साधारण फेब्रुवारीपासून मेपर्यंत जोरात असते, त्यातच ३१ मार्चची वर्षअखेर येते. या चार महिन्यांत काहीही नवे सुरू करू नका, आणि प्रकल्पाचा आरंभही करू नका, कारण निर्णय देणारे कोणीच मोकळे नसते. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तर जुलैच्या मध्यापर्यंत निर्णय आणि आराखडा, तिथून १४ आठवडे बांधणी, म्हणजे ऑक्टोबरची अखेर. आपण पाडव्याचा मुहूर्त धरला आहे तो भावनेपोटी असेल, परंतु त्याला एक भक्कम व्यावहारिक आधारही आहे. दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे काही आठवडे बंद ठेवून मागील देणी पुरी करण्याची जी ‘झिरो पेमेंट’ची पद्धत आपल्या बाजारात आहे, ती अडत्यांच्या देण्यासाठी असली तरी ती रक्कम उभी करण्यासाठी आपणही परगावची वसुली झपाट्याने करता. त्यामुळे वर्षभरात खाती सर्वांत स्वच्छ असतात ती त्याच दिवसांत. जुन्या खात्यांतल्या आरंभीच्या शिलका नव्या पोर्टलवर आणण्यास याहून चांगली वेळ नाही. शंभर अनिर्णित नोंदी आणण्यापेक्षा दहा आणणे केव्हाही बरे.

तेव्हा पाडव्याला पोर्टल सुरू करा, पण दहा-बारा खरेदीदारांसाठी, आणि फक्त खातेउतारा, बिल व बिल्टी यांपुरते. सगळ्या दीडशे जणांना निरोप पाठवू नका. निवडताना केवळ प्रेमाचे दहा जण निवडू नका. त्यांत दोन तरी तक्रारखोर घ्या, एक असा घ्या की ज्याचा मुलगा मोबाइल पाहतो आणि तो स्वतः नाही. पडदे हिंदी आणि इंग्रजीत लागतील, कारण पाहणारे परप्रांतातले आहेत. पेढीच्या आतले पडदे मात्र मराठीतच ठेवा. डिसेंबरपर्यंत या दहांच्या अडचणी दूर होतील आणि मागणी नोंदवण्याचा भाग जोडता येईल. जानेवारीअखेर तो नीट चालला नाही, तर मन घट्ट करून तो जूनपर्यंत थांबवा. हंगामात अर्धवट चालणारी मागणी-नोंद म्हणजे एकच लॉट दोघांना विकला जाण्याची तयारी होय.

माहिती स्वच्छ करण्याच्या कामाला कोणीच माणूस नेमत नाही, ते आपोआप होईल असे सर्वांना वाटते. एकाच व्यापाऱ्याची टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या संगणक-प्रणालीत, तीन नावांची खाती असतात, जीएसटी क्रमांक एकाला असतो आणि दोघांना नसतो. जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागतात आणि तिथे जोडाक्षरांची मोडतोड होते. मराठीतल्या ‘ऱ्ह’चा एक त्रास तर मला दर वेळी भेटतो : ‘कुऱ्हाडे’ हे नाव युनिकोडमध्ये दोन वेगवेगळ्या प्रकारांनी टंकता येते, डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाला ती दोन नावे वाटतात आणि शोध घेतल्यावर एकच सापडते. आपल्याकडे लॉट शेतकऱ्याच्या नावाने ओळखला जात असल्याने हे लागू पडेल; प्रोग्रामरना ते आधीच सांगून ठेवा. या सर्व सफाईसाठी बंधूंच्या हाताखालच्या एका माणसाचे सहा आठवडे धरा.

टॅलीबद्दल एक आग्रहाची सूचना. हिशोब टॅलीतच राहू द्या, पोर्टलमध्ये दुसरी खतावणी उघडू नका. टॅली एक्सएमएलच्या स्वरूपात माहिती देते आणि घेते, त्यासाठी ती सहसा ९००० क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे संगणकात माहितीची ये-जा होण्याचे दार, वापरते. परंतु ते पोर्ट इंटरनेटला थेट खुले करण्याची सोपी वाट काही जण सुचवतात, ती कदापि मान्य करू नका. पेढीतल्या संगणकावर एक छोटा मध्यस्थ प्रोग्राम बसवावा, त्याने दर पंधरा मिनिटांनी टॅलीतून नव्या नोंदी उचलून पोर्टलकडे पाठवाव्यात. खरेदीदाराला पंधरा मिनिटे जुने खाते दिसल्याने काही बिघडत नाही. ई-इन्व्हॉइसचे बंधन १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरील उलाढालीला आहे, आणि आंतरराज्य मालासाठी पन्नास हजारांवर ई-वे बिल लागते. ही दोन्ही कामे आज जिथून होतात तिथूनच होऊ द्यात, पोर्टलने फक्त त्यांच्या प्रती दाखवाव्यात. ई-वे बिलाची मुदत साधारण २०० किलोमीटरला एक दिवस या हिशोबाने असते, ती संपत आल्याचा इशारा पोर्टलने दिला तर मात्र वाहतुकीच्या माणसाला मोठी मदत होईल.

पैसे स्वीकारण्यासाठी दोन्ही कंपन्यांनी कार्डांचा पेमेंट गेटवे सुचवला आहे. घाऊक व्यापारात तो फारसा उपयोगी नाही. आपली एकेक रक्कम लाखांत असते, कार्डावर टक्केवारीने शुल्क जाते, आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालते. त्यापेक्षा बँकेकडून प्रत्येक खरेदीदारासाठी स्वतंत्र आभासी खाते क्रमांक घ्या. रक्कम कोणाची आली हे आपोआप कळते, आणि बंधूंचा रोजचा जुळवाजुळवीचा वेळ वाचतो. ही व्यवस्था बँकेशी बोलून मिळवायला वेळ लागतो, म्हणून जूनमध्येच अर्ज करा. तसेच व्यापाऱ्यांना ओटीपी किंवा गाडी निघाल्याचा एसएमएस पाठवायचा तर ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांनुसार डीएलटी नोंदणी (व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्यांची नोंदणी), पाठवणाऱ्याचे नाव आणि मजकुराचे नमुने आधी मंजूर करून घ्यावे लागतात. ती नोंदणी पेढीच्या नावाने व्हावी, कंपनीच्या नाही.

‘पेढीच्या नावाने’ हे शब्द करारातही जागोजागी यायला हवेत. डोमेन, सर्व्हरचे खाते, ईमेल, सगळे आपल्या नावावर आणि आपल्या कार्डावर असावे. आज्ञावलीचा हक्क हा याहून महत्त्वाचा विषय आहे. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार बाहेरच्या कंत्राटदाराने लिहिलेल्या आज्ञावलीचा पहिला हक्क, लेखी काही नसेल तर, सामान्यतः त्याच्याकडेच राहतो. पूर्ण पैसे दिले म्हणून तो आपल्याकडे येत नाही. हक्क लेखीच द्यावा लागतो, आणि त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. म्हणून वकिलांकडून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘सर्व जगभर’ हे शब्द त्यात घालून घ्या. पैसे टप्प्यांनी द्या, परंतु टप्पा ‘पडदे तयार’ असा न ठेवता ‘दहा खरेदीदारांनी महिनाभर खातेउतारा पाहिला आणि तो टॅलीशी जुळला’ असा ठेवा. शेवटचा पाचवा हिस्सा एक हंगाम पार पडल्यावर द्यायचा, हे मान्य करणारी कंपनी मिळाली तर ती थोडी महाग असली तरी निवडा.

सर्व्हरविषयी सांगलीकर म्हणून मला मनापासून एक गोष्ट लिहायची आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या पलीकडे गेले होते. मी ज्यांचे काम पाहत होतो अशा एका दुकानाचा सर्व्हर तळमजल्यावर होता, आणि बॅकअपची डिस्क त्याच खोलीतल्या कपाटात. दोन्ही गेले. मी त्यांना वर्षभर ‘पुढच्या महिन्यात ही डिस्क दुसरीकडे हलवू’ असे सांगत आलो होतो. त्यानंतर आठ-दहा दिवस त्या मालकांसोबत बसून गिऱ्हाइकांना फोन करून येणी विचारली; काहींनी प्रामाणिकपणे सांगितली, सर्वांनी नाही. आपली टॅली पेढीतल्या संगणकावर आहे. तिची प्रत रोज रात्री शहराबाहेरच्या सर्व्हरवर गेलीच पाहिजे, आणि दर तीन महिन्यांनी ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली पाहिजे. हे काम कोणाचे, त्याचे नाव कागदावर लिहा. त्याच माणसाला हेही माहीत असू द्या की पोर्टलवर सायबर हल्ला झाला तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार तिला सहा तासांत कळवावे लागते आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. दीडशे व्यापाऱ्यांचे मोबाइल क्रमांक आणि व्यवहार आपल्याकडे असणार आहेत, तेव्हा २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची जबाबदारीही पेढीवर राहील, कंपनीवर ढकलता येणार नाही.

शेवटी स्वतःचे प्रोग्रामर नेमावेत का, याचे उत्तर. आत्ता नको. वालचंद महाविद्यालयातून बाहेर पडणारी हुशार मुले आपल्याला मिळतील, पण एकट्या प्रोग्रामरला पेढीत शिकवणारे कोणी नसते, त्याचे काम तपासणारे कोणी नसते, आणि दीड वर्षात तो पुण्याला जातो तेव्हा सारे त्याच्या डोक्यात गेलेले असते. त्याऐवजी सप्टेंबरपासून एक वाणिज्य पदवीधर नेमा, ज्याला टॅली येते, हिंदीत गोडीने बोलता येते आणि रागावलेल्या व्यापाऱ्याचे म्हणणे शांतपणे ऐकता येते. बांधणीच्या शेवटच्या दोन महिन्यांत त्याने तपासनीसासोबत बसावे. पाडव्यानंतर खरेदीदारांचे फोन त्याच्याकडे जावेत. प्रत्येक व्यापाऱ्याला पहिल्यांदा लॉगिन करून देणे, बिल कुठे दिसते ते दाखवणे, अडचण लिहून ठेवणे आणि दर सोमवारी ती यादी कंपनीला पाठवणे, हे त्याचे काम. देखभालीसाठी दरवर्षी मूळ खर्चाच्या साधारण पाचव्या हिश्श्याची तरतूद मी धरतो, आणि त्या माणसाचा पगार त्याहून वेगळा.

वडिलांशी बोलताना खर्चाचा आकडा आधी काढू नका. त्यांना भाव, दलाली, उधारी आणि राखून ठेवलेला माल, या चारच प्रश्नांवर त्यांचे म्हणणे विचारा आणि ते जसे सांगतील तसे लिहून घ्या. तो कागद आणि दिवाणजींची दोन आठवड्यांची वही तयार झाली की दोन्ही कंपन्यांना ती द्या आणि अंदाज पुन्हा मागा. आकडे बदलून येतील, आणि आपण त्यांच्याशी काय बोलायचे ते आपल्याला तेव्हा नेमके माहीत असेल.